घारापुरीच्या लाँचमधून पाणी कसं बघायचं

गिरगावातल्या एका छापखान्यात मी 31 वर्षं ऑफसेट मशिन चालवलं. समुद्राशी माझा संबंध आला तो लग्नानंतर, कारण सासुरवाडी घारापुरीची, मोराबंदरची. गेटवेहून लाँच पकडायची, तासाभरात बेटावर, संध्याकाळी परत. पहिली दोन-तीन वर्षं हा तास मी गुडघ्यांत डोकं घालून काढला. मळमळायचं. सासरे मासेमारीच्या बोटीवरचे जुने तांडेल, म्हणजे बोट हाकणारे, त्यांना मी मामा म्हणायचो. त्यांनी एकदा सांगितलं, ‘जावई, खाली बघू नका. लांब बघा, नि नुसता बघू नका, मोजा.’ मोजायला लागलो आणि मळमळ कधी थांबली ते कळलंच नाही.

लोक लाँचमध्ये बसतात, मोबाइल काढतात, सीगलांना गाठिया घालतात आणि उतरतात. ज्या 10-11 किलोमीटर पाण्यावरून गेले, ते पाणी बघत कुणीच नाही. बघितलं तरी ‘आज लाटा आहेत’ किंवा ‘आज नाहीत’ एवढंच. छापखान्याच्या भाषेत सांगतो. रंगीत फोटो कागदावर एकच दिसतो, पण तो चार प्लेटांनी छापलेला असतो आणि भिंग लावलं की प्रत्येक रंगाचे ठिपके वेगळे दिसतात. समुद्राचा पृष्ठभागही तसाच, एकावर एक छापलेला. भरती-ओहोटीची एक प्लेट, लांबून आलेल्या लाटेची दुसरी, इथल्या वाऱ्याची तिसरी, येणाऱ्याजाणाऱ्या बोटींची चौथी. सगळं एकदम बघाल तर नुसती खळबळ दिसेल. एका वेळी एक प्लेट बघायची, बास.

सुरुवात घरूनच करायची, तिथी बघून. मामांचा हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणा, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. दिवसाही तेवढेच आणि रात्रीही साधारण तेवढेच. त्यात सहा तास मिळवा की ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. घड्याळाइतका हा हिशोब नेमका नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण लाँच पकडण्यापुरता पुरतो. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते. पाऊणने गुणायचं ते त्यासाठीच.

दिवस कोणता निवडायचा? पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस, म्हणजे उधाणाचे. पाणी सर्वांत जास्त चढतं-उतरतं ते या दिवसांत, म्हणून प्रवाहही जोरात असतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी सुस्त. ज्याला उलटी होण्याची भीती आहे त्याने पहिल्यांदा भांगाला जावं, बाकीच्यांनी द्वितीया-तृतीयेला. महिना डिसेंबर ते फेब्रुवारी. सकाळी मतलई वारा जमिनीवरून मंद येतो आणि बंदरातलं पाणी तव्यासारखं सपाट असतं. दुपारनंतर खारा वारा सुटतो, बहुतेक वायव्येकडून, आणि परतीच्या लाँचला तेच पाणी वेगळं भेटतं. एका तिकिटात दोन समुद्र. सोमवार मात्र टाळा, लेणी बंद असतात.

इथे एक तक्रार करून घेतो. पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा आणि वेळा जाहीर करते. त्याची बातमी होते ती ‘आज समुद्रात 4.8 मीटरच्या लाटा उसळणार’ अशी. अहो, तो आकडा लाटेचा नाही! तो भरतीच्या पाण्याच्या पातळीचा आहे, आणि मोजतात कुठून, तर नकाशावरच्या शून्यापासून, म्हणजे अगदी खालच्या ओहोटीच्या आसपासच्या रेषेपासून. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच या शून्याच्या वर अडीच मीटरच्या आसपास आहे. म्हणजे 4.8 मीटरची भरती सरासरीपेक्षा सव्वादोन-अडीच मीटर वर येते, तीही सहा तासांत, हळूहळू, आवाज न करता. त्या दिवशी वारा पडलेला असेल तर लाट वीतभरही नसेल. आणि भांगाच्या दिवशी वादळ असलं तर लाट पुरुषभर उंच येईल. दोन प्लेटा वेगळ्या आहेत. पातळी मोठी आणि लाटही मोठी असं एकाच वेळी झालं की मग मरीन ड्राइव्हचा कठडा ओलांडून पाणी रस्त्यावर येतं.

गेटवेला पोचलात की लगेच रांगेत घुसू नका. लाँचसाठी खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या बघा. पाण्याच्या वर, शेवाळाच्या धरून, किती पायऱ्या उघड्या आहेत ते मोजा आणि वेळेसकट लिहून ठेवा. संध्याकाळी हा आकडा लागणार आहे. पाय मात्र शेवाळावर देऊ नका, मी एकदा दिलाय. धक्क्याच्या उभ्या भिंतीजवळचं पाणीही बघा. बाहेर सपाट असलं तरी इथे ते जागच्या जागी वर-खाली नाचत असतं. येणारी लाट दगडावर आपटून जशीच्या तशी परत फिरते, येणारी आणि परतणारी एकमेकींवर चढतात, आणि पाण्यावर चौकटीच्या लुंगीसारखी नक्षी उमटते. चौपाटीवर असं होत नाही, तिथे लाट वाळूवर फुटून संपते.

याच ठिकाणी पहिला धडा होतो. कुणीतरी टाकलेलं झेंडूचं फूल पाण्यावर हमखास असतं. एक फूल पकडा आणि दोन मिनिटं त्याच्यावरून नजर काढू नका. लाट आली की फूल वर चढतं, माथ्यावर थोडं पुढे झुकतं, मग खाली उतरतं आणि खोलगटात थोडं मागे येतं. जागच्या जागी एक गोल. लाट पुढे गेली, फूल तिथेच. पुढे जाते ती लाट, पाणी नाही. पुस्तकात वाचून मला हे पटलं नव्हतं, फुलानं पटवलं. त्या गोलाशिवाय फूल हळूहळू एका दिशेला सरकतही असेल. ते सरकणं भरतीचं किंवा ओहोटीचं. म्हणजे एकाच फुलात दोन प्लेटा वेगळ्या झाल्या.

लाँचमध्ये बसायचं कुठे? वरच्या डेकवर हवा छान आणि नकाशा छान, पण उंचावरून लाटा चपट्या दिसतात. पाणी बघायचं तर खाली, मधोमध, कडेच्या बाकावर. हेलकावेही तिथेच सर्वांत कमी. मागे डिझेलचा धूर असतो, तरी दहा मिनिटं मागे जाऊन यायचंच, कशासाठी ते पुढे सांगतो. लाइफ जॅकेट घाला. 18 डिसेंबर 2024 चा लाँच बुडाल्याचा अपघात याच पाण्यातला आहे, तेव्हा फोटोत बरं दिसत नाही वगैरे काही सांगू नका. पोट रिकामं नको आणि तेलकटही नको. सोबत सेकंदकाटा असलेलं घड्याळ, छोटी वही, पेन्सिल. बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही. जमलं तर पोलराइज्ड गॉगल. तो डोळ्याला लावून मान कलती केली की पाण्यावरची चमक कमी-जास्त होते आणि चमकेखाली लपलेल्या बारीक लाटा उघड्या पडतात.

लाँच सुटली की आधी नांगरलेली जहाजं बघा. प्रवाहाला जोर असला की सगळ्यांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, एकाच दिशेला असते, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी. नांगराला बांधलेलं जहाज येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड करतं. आपल्या बंदराचं तोंड नैऋत्येला उघडं आहे. तोंडं तिकडे वळलेली असली तर भरती आत येतेय, ठाण्याच्या खाडीकडे वळलेली असली तर ओहोटी, मामांच्या शब्दात सुकती. सगळी वेगवेगळ्या दिशांना भरकटलेली दिसली तर पाणी थबकलंय, वळायच्या बेतात आहे. वाटेत लाल-हिरवे बोये, म्हणजे तळाला बांधलेल्या तरंगत्या खुणा, लागतात. बोया प्रवाहात कलतो आणि त्याच्या मागे पाण्याची शेपटी पडते, जणू तोच बोटीसारखा पळतोय. शेपटी जितकी लांब तितका प्रवाह जोरात. उधाणाच्या मधल्या दोन तासांत हा प्रवाह माणसाच्या झपाझप चालण्याइतका असतो. सहा तासांच्या भरतीत जेवढं पाणी चढतं, त्यातलं निम्मं तिसऱ्या आणि चौथ्या तासात चढतं. पहिल्या आणि शेवटच्या तासात बाराव्या हिश्श्याएवढंच.

आता तांडेल काय करतो ते बघा. बेट समोर दिसतंय, पण नाळ बेटाकडे नाही! ओहोटीत ती बेटाच्या डावीकडे रोखलेली असते, भरतीत उजवीकडे. लाँच खेकड्यासारखी तिरकी चालते आणि पोचते मात्र बरोबर धक्क्याला. खात्री करायची तर मागे वळून गेटवेची कमान आणि तिच्यामागे ताजचा घुमट धरा. दोन्हींमधलं अंतर कसं बदलतंय त्यावरून लाँच खरी कुठे सरकतेय ते कळतं. जाताना भरती असली तर लाँच लवकर पोचते, ओहोटी असली तर रेंगाळते. यात इंजिनाला किंवा तांडेलाला बोल लावू नये.

वाऱ्याची प्लेट सर्वांत सोपी. पाणी काचेसारखं असताना कुठेतरी अचानक काळसर डाग पळत येतो. जवळ आला की दिसतं, पाण्याच्या अंगावर काटा आलाय. ती वाऱ्याची झुळूक. वारा थांबला की काटा लगेच मोडतो. झुळूक टिकली तर त्यातूनच लाटा वाढतात. किती वाढतील हे तीन गोष्टींवर: वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहिला आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून आला. बंदराला तिन्ही बाजूंनी जमीन, म्हणून इथल्या लाटा आखूड आणि चिडक्या. माथ्यावर तुरळक पांढरा फेस फुटू लागला की वारा ताशी 12 ते 19 किलोमीटरच्या पट्ट्यात आला असं समजा. पांढरे माथे सगळीकडे दिसू लागले की 20 च्या पुढे. हा तक्ता बोफर्ट या इंग्रज नौदल अधिकाऱ्याचा, 1805 चा. त्याने तो शिडांवरून बांधला होता, पाण्याच्या रूपाची वर्णनं त्यात नंतर आली, आणि तो अजूनही उपयोगी. मेअखेरीस नैऋत्येचा वारा सुरू झाला आणि तेव्हाच ओहोटी बाहेर पडत असली की वारा आणि पाणी समोरासमोर येतात. मग लाटा उंच, उभ्या आणि जवळजवळ होतात. सहा तासांनी तोच वारा भरतीच्या पाठीवरून वाहतो आणि लाट झोपते. वाऱ्याचा जोर काडीनं बदललेला नसतो.

लांबून आलेली लाट बंदरात क्वचितच ओळखू येते. ती डोळ्यांपेक्षा आधी पोटाला कळते: वारा नाही, फेस नाही, तरी लाँच सावकाश उचलली जाते आणि सावकाश ठेवली जाते. घड्याळ इथे काढायचं. चालत्या लाँचवरून मोजू नका, आपणच लाटांवर धावत असतो तेव्हा आकडा चुकतो. एखादा बोया किंवा नांगरलेली होडी पकडा. ती माथ्यावर आली की शून्य म्हणा, मग दहा माथे मोजा आणि लागलेल्या सेकंदांना दहाने भागा. त्या सेकंदांचा वर्ग करून दीडपट केली की खोल पाण्यातली लाटेची लांबी मीटरमध्ये साधारण मिळते. तीन सेकंदांची लाट 14 मीटर लांब, ती इथली, बंदरात जन्मलेली. आठ सेकंद भरले तर लांबी 100 मीटर, ती लाट दूर अरबी समुद्रात कधीतरी उठली आणि वारा मागे टाकून इथवर आली. दहा वर्षांत माझ्या वहीत अशा नोंदी जेमतेम दीड पान आहेत.

बोटींची प्लेट मला महागात पडली. लग्नाला दोन वर्षं झाली होती, संक्रांतीला आईने तिळाच्या लाडवांचा डबा दिला होता सासरी न्यायला. न्हावा-शेवाकडे जाणारं मोठं कंटेनर जहाज समोरून गेलं. आमची लाँच त्याच्यासाठी थांबली होती. जहाज गेलं, पाणी सपाट, मी डबा कठड्याजवळ ठेवून शाल घडी करू लागलो. आणि काही नसताना लाँच अशी डोलली की डबा थेट पाण्यात. घरी सांगितलं तेव्हा मामा हसून म्हणाले, ‘जहाज गेला, पन त्याचा पानी जायाचा होता ना.’

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण हिशोब 1887 मध्ये लॉर्ड केल्विननं मांडून ठेवलाय. खोल पाण्यात जहाजामागे पडणारी लाटांची पाचर सहसा एकाच कोनाची असते, दोन्ही बाजूंना साडेएकोणीस अंश. छोटी होडी असो की मोठं जहाज, बदक पोहलं तरी तेच. आता ताशी 18 किलोमीटरनं जाणारं जहाज तुमच्यापासून अर्धा किलोमीटरवरून गेलं असं धरा. पाचरेची कड तुमच्यापर्यंत यायला जवळजवळ पावणेपाच मिनिटं लागतात. तोवर जहाज 1400 मीटर पुढे गेलेलं असतं आणि ते तुम्ही विसरलेले असता. म्हणून मोठं जहाज गेलं की घड्याळ लावा आणि सपाट पाण्यावर तिरक्या रेषा सरकत येताना बघा. डबा मांडीवर ठेवा.

आता मागे जायचं ते यासाठी. आपल्या लाँचची पाचर मागून स्पष्ट दिसते. दोन्ही कडांना पिसांसारख्या तिरक्या छोट्या लाटा आणि मधे आडव्या लाटा, एकामागे एक. आडव्या लाटा लाँचच्याच वेगानं चालतात, म्हणून दोन माथ्यांमधल्या अंतरावरून वेग निघतो. तासाला 11 किलोमीटर असेल तर अंतर सहा मीटरच्या आसपास. मधोमध पंख्यानं घुसळलेला गुळगुळीत पट्टा लांबवर उरतो, डांबरी रस्त्यासारखा.

पाण्याचा रंग बघायला जवाहर द्वीप ओलांडताना सुरुवात करा. तिथे उतरायला बंदी आहे, तेलाचं ठाणं आहे, पण जेट्टीच्या प्रत्येक खांबामागे प्रवाह कशी वेणी घालतो ते लांबूनही दिसतं. आपलं पाणी खाकी का, असं पाहुणे विचारतात. घाण आहेच, पण खाकी रंग मुख्यतः गाळाचा, खाड्यांतून येणारा आणि भरती-ओहोटीनं तळातून उपसलेला. ओहोटीत खाडीचं गढूळ पाणी बाहेरच्या हिरवट पाण्याला भेटतं तिथे वाकडीतिकडी फेसाची रेघ पडते. रेघेच्या अलीकडे एक रंग, पलीकडे दुसरा. निर्माल्य, थर्माकोल, पिशव्या सगळं त्या रेघेवर गोळा होतं, कारण दोन्हीकडचं पाणी तिथे येऊन खाली बुडी मारतं आणि तरंगणारं वर राहतं. फेसाच्या अनेक सरळ रेघा एकमेकींना समांतर दिसल्या तर प्रकरण वेगळं, त्या वाऱ्यानं ओढलेल्या असतात, वारा जिकडे वाहतो त्याच दिशेनं.

काटा आलेल्या पाण्यात मधेच एखादा गुळगुळीत पट्टा असतो. तिथे तेलाचा किंवा जिवाणू-शेवाळांच्या चिकटपणाचा पातळ थर असतो आणि तो बारीक लाटा उठूच देत नाही. बेंजामिन फ्रँकलिननं लंडनजवळ क्लॅपमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतून अर्धा एकर पाणी शांत केलं होतं. फ्रँकलिन मूळचा छापखानेवाला. तेल आणि पाणी एकमेकांशी कसं वागतं याचं कुतूहल आमच्या धंद्यातच आहे, सगळी ऑफसेट छपाई त्यावर तर उभी आहे.

बेटावर लेणी बघाच, महेशमूर्तीसमोर बसाच. पण अर्धा तास राखून तोफांच्या टेकडीवर चढा. खालून जे तुकड्यातुकड्यांत दिसलं ते इथून अख्खं दिसतं. जहाजांच्या पाचरा, रंगांच्या रेघा, पलीकडे अटल सेतू. वारा असेल तर किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटा उथळात शिरताना कशा वळतात ते बघा. उथळात लाटेचा वेग मंदावतो, खोल पाण्यातलं टोक पुढे राहतं, आणि सगळी ओळ कवायतीत वळल्यासारखी किनाऱ्याला समांतर होत जाते. बेटाच्या दोन्ही बाजूंनी वळून आलेल्या लाटा मागच्या अंगाला एकमेकींतून आरपार जातात. पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवरचे खलाशी असल्या वळणांचे काड्यांचे नकाशे बांधत आणि त्यावरून न दिसणारं बेट शोधत.

परतीच्या लाँचमध्ये सूर्य समोर असतो. पाण्यावर त्याची चमक अरुंद पट्ट्यात असेल तर पाणी शांत, पसरट आणि विस्कटलेली असेल तर खडबडीत. सकाळची आठवण करून ताडून बघा.

गेटवेला उतरल्यावर पायऱ्या पुन्हा मोजा. माझ्या वहीतली माघ वद्य द्वितीयेची नोंद देतो. सकाळी सव्वानऊला दहा पायऱ्या उघड्या. संध्याकाळी साडेपाचला, दहाच. मधे दीडच्या सुमाराला पाणी वर जाऊन परत आलं होतं. सकाळी वरच्या पायऱ्या सुकलेल्या होत्या, आता त्या ओल्या होत्या आणि सातव्या पायरीवर झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती.